परिपत्रकाच्या चार दिवस आधीचा दाखला

मोताळ्याच्या गोपाळराव चिंचोलकरांनी त्या दिवशी किरकोळ रजा टाकली होती. काही काम होतं म्हणून नव्हे, काम नव्हतं म्हणून. शिक्षकांच्या बदलीचे अर्ज भरायची ती शेवटची तारीख होती. जिल्हाभरातली माणसं हातात कागद घेऊन धावत सुटली असणार आणि आपला अर्ज मात्र बारा दिवसांपूर्वीच जाऊन पडलेला आहे, हे सुख घरच्या खुर्चीत बसून नीट भोगावं एवढ्यासाठी ती रजा होती.

अर्ज त्यांच्या बायकोचा होता. प्रतिमाताई वरवट बकालला शिक्षिका होत्या आणि सहा वर्षांपासून तिथंच खोली घेऊन राहत होत्या. शनिवारी संध्याकाळी मोताळ्याला यायच्या, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायच्या. नवरा-बायको दोघंही नोकरीत असले आणि दोघांच्या गावांत ठरावीक अंतराहून जास्त अंतर असलं, तर त्यांना जवळ आणण्याची सरकारात सोय आहे. त्या सोयीचं नाव पती-पत्नी एकत्रीकरण. त्यासाठी लागणारा मुख्य कागद म्हणजे अंतराचा दाखला. नवरा-बायको एकमेकांपासून लांब आहेत हे त्यांना स्वतःला माहीत असून भागत नाही, ते साहेबाच्या सहीनं माहीत असावं लागतं.

गोपाळराव स्वतः एका कॉलेजात बावीस वर्षं लिपिक होते. शेवटच्या दिवशी परीक्षेचा फॉर्म घेऊन खिडकीशी उभं राहणाऱ्या पोरांना ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "आजच जाग आली का?" आणि मग मुद्दाम सावकाश शाईची बाटली उघडायचे. वेळेच्या आधी न झालेलं काम त्यांच्या लेखी झालेलंच नसे. बदल्यांचं परिपत्रक निघणार अशी नुसती कुजबुज ऐकून त्यांनी दाखला काढून ठेवला होता. त्याच्या तीन झेरॉक्स, एक स्कॅन, आणि फाईलीवर लाल शाईनं अनुक्रमणिका.

पावणेअकराला प्रतिमाताईंचा फोन आला.

"अहो, अर्ज परत केला."

"कोणी?"

"इथल्या कचेरीतल्या बाबूंनी. अंतराचा दाखला चालत नाही म्हणे."

"काऊन चालत नाई?" गोपाळराव ओरडले. एरवी ते पुस्तकातल्यासारखं बोलत. राग आला की मात्र वऱ्हाडी आपोआप वर यायची.

"परिपत्रक चौदा तारखेचं आहे आणि आपला दाखला दहाचा. परिपत्रकानंतरचा पाहिजे, आणि तोही नव्या नमुन्यात."

"अगं, चार दिवसांत काय गाव सरकलं का तुझं?"

"मी तेच विचारलं. ते म्हणाले, इतक्या लवकर काढायला तुम्हाले सांगितलं कोणी होतं?"

गोपाळराव उभे होते ते खाली बसले. लवकर! बावीस वर्षं ज्या एका गुणावर ते जगाकडे वरून बघत आले होते, तोच गुण आज गुन्हा ठरला होता.

"आणि हे त्याले आज समजलं? बारा दिवस काय करून राह्यला होता थो?"

"आपली फाईल सगळ्यात आधी आली ना, म्हणून गठ्ठ्यात सगळ्यात खाली होती. वरच्या संपल्यावर आज हाती लागली. पोर्टल पाचला बंद होणार आहे. मी इथंच कचेरीत बसते. तुम्ही बुलढाण्याहून नवा दाखला काढून फोटो पाठवा."

फोन बंद झाला. हातात सहा तास होते. कुणीही चपला घालून निघाला असता. गोपाळरावांनी पट्टी काढली. कोऱ्या कागदावर त्यांनी चार रकाने आखले: काम, वेळ, ठिकाण, शेरा. मग त्यातली एक रेघ तिरकी आली म्हणून दुसरा कागद घेतला. डोकं कामच करत नव्हतं. आयुष्यात कधी कोणतं काम शेवटच्या दिवशी केलेलंच नसल्यामुळे शेवटच्या दिवशी काय करतात हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. वेळापत्रक पूर्ण झालं तेव्हा घड्याळात अकरा दहा झाले होते आणि वेळापत्रकाप्रमाणे ते राजूरच्या घाटात असायला हवे होते.

त्यांचं ओरडणं ऐकून शेजारच्या सरस्वतीबाई दारात आल्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी दाखला हातात घेतला आणि म्हणाल्या, "इतकुसं तर काम हाये. दहाच्या शून्याले खाली शेपूट लावा, झाले एकोणीस. माह्या हाती पेन द्या."

"सरस्वतीबाई, याले खोटा दस्तऐवज म्हणतात! जेल होते!"

"जेल कायले होते? शेपटालेच तर." आणि त्या गेल्या. गोपाळरावांनी एक क्षणभर त्या शून्याकडे पाहिलं. ते खरंच शेपटाच्या तयारीत बसल्यासारखं दिसत होतं. आपण असं पाहिलं याचाही त्यांना राग आला.

एवढ्यात भिंतीपलीकडून महादेवरावांनी मोटारसायकल सुरू केली. महादेवराव म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. गोपाळरावांना या पृथ्वीतलावर सर्वांत असह्य होणारा माणूस कोण, तर हा. यांनी जन्मात एकही काम मुदतीच्या आदल्या दिवशी केलं नव्हतं. पेन्शनचे कागद शेवटच्या दिवशी दिले, घरपट्टी शेवटच्या दिवशी भरली, आणि स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरल्यावर मांडवात पोचले. तरी यांचं कुठंच काही अडलं नाही, हा गोपाळरावांच्या मते निसर्गाच्या कारभारातला घोळ होता.

"बसा मांगं," महादेवराव म्हणाले. "बुलढाण्याले सोडतो."

"मी बसनं जाईन."

"बस गेली आत्ताच. तुम्ही रेघा मारून राह्यले होते तवा."

गोपाळराव मागं बसले. बसले ते गप्प, फाईल छातीशी धरून, शक्य तेवढं अंग चोरून. पण महादेवरावांना विषय सापडला होता, आणि हवेवर मात करायला ते मोठ्यानं बोलत होते.

"गोपाळराव, घाबरू नका! आता तुमचा मेंदू खरा चालीन! संकट आलं का नाई, तो बाकीच्या खोल्यांतले दिवे बंद करते अन् एकच टॉर्च लावते. जे पाह्यजे तेवढंच दिसते. भूक नाई, तहान नाई, दुखणं नाई. म्या उगाच नाई सगळं शेवटच्या दिवशी करत. आधी केलं तर टॉर्चच लागत नाई!"

"तुमचा टॉर्च तुमच्यापाशी ठेवा अन् समोर पाहा!"

समोर पाहिलं तर राजूरच्या घाटात, वळणावर, सरकीनं भरलेला एक ट्रक आडवा होऊन बसला होता. खाली दहा-बारा जण उभे राहून ट्रक कसा काढावा यावर मतं देत होते आणि ड्रायव्हर दगडावर बसून ती ऐकत होता. मोटारसायकल निघेल एवढी जागा होती, पण तिथं एका जीपवाल्यानं आपणच आधी निघू म्हणून जीप घातली होती आणि आता ती मागंही येत नव्हती. पस्तीस मिनिटं गेली. महादेवरावांनी खिशातून पेरू काढला, अर्धा पुढं केला. गोपाळरावांनी तो नाकारला आणि जीपवाल्याला त्याच्या बुद्धीविषयी, ती देणाऱ्याविषयी आणि जीप विकणाऱ्याविषयी असं काही सुनावलं, की त्यानं मुकाट्यानं जीप मागं घेतली. आपल्याला असं बोलता येतं हे गोपाळरावांना नवीन होतं. महादेवराव पेरू चावत कौतुकानं म्हणाले, "लागला टॉर्च!"

अंतराचे दाखले देणारी बांधकाम खात्याची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. एक वाजायला आला होता. टेबलामागच्या बाबूंनी चष्म्यावरून गोपाळरावांकडे पाहिलं, कागद न बघताच बाजूला ठेवला आणि विचारलं,

"आजच जाग आली का?"

गोपाळरावांच्या कानशिलातली शीर उडायला लागली. ते वाक्य त्यांचं होतं. तो चष्मा, ती नजर, कागद न बघता बाजूला ठेवण्यातली ती बेफिकिरी, सगळं त्यांचं होतं.

"मी दहा तारखेलाच आलो होतो," ते एकेक शब्द दाबत म्हणाले. "याच टेबलाशी. तुम्हीच दिला होता दाखला. हा पाहा."

"मग आता कायले आले?"

"कारण तो लवकर काढला!"

"मग लवकर कायले काढला?"

बाबूंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं नव्या नमुन्याचा कागद डकवला होता. नमुना अर्जदारानं स्वतः टाइप करून आणायचा, इथं फक्त आकडा तपासून सही होते. साहेब साइटवर गेलेत, चारला येतील. आले तर.

कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगची तीन दुकानं होती. दोहोंसमोर शेवटच्या दिवशी जागे झालेल्यांच्या रांगा होत्या, आणि गोपाळरावांना आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यात उभं राहावं लागलं. समोरचा एक तरुण मास्तर त्यांना म्हणाला, "तुमचंही राहूनच गेलं वाटते, काका?" गोपाळरावांनी त्याला आपलं राहून गेलेलं नाही, आपलं आधीच झालेलं आहे, आणि म्हणूनच आपण आज इथं आहोत, हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. मास्तरानं समजूतदारपणे मान हलवली. बिचाऱ्यांना उन्हाचा त्रास झाला असावा, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिसऱ्या दुकानात रांग नव्हती, कारण तिथली लाईट गेली होती. ती परत आली तसे गोपाळराव रांग सोडून तिकडं धावले, तेव्हा पावणेतीन झाले होते. दुकान चालवणारी समीक्षा नावाची मुलगी सकाळपासून जेवली नव्हती. समोर पाच कागद, कानाला फोन, आणि बोटं चालूच. गोपाळराव तिच्या खांद्यामागं उभे राहिले.

"गावाचं नाव नीट टाक. वरवट बकाल. तिकडं वरवट खंडेरावही आहे, ते नको."

"हो काका."

"मोताळा. ळ. बाणातला नाही, बाळातला."

"हो काका."

"अंतर अंकात आणि अक्षरात. तारीख आजची. आजची! आदल्या एकाही दिवसाची नको!"

"काका, तुम्ही थोडे मांगं सरकता का?"

कागद निघाला. गोपाळरावांनी तारीख तीनदा वाचली. आकडा अंकात वाचला, अक्षरात वाचला, पुन्हा अंकाशी ताडून पाहिला. दोन्ही गावांच्या नावांतलं एकेक अक्षर बोटानं मोजलं. मागं रस्त्यावर कुणाची तरी गाडी पडून गलका झाला, तोही त्यांना ऐकू आला नाही. महादेवरावांनी दोनदा हाक मारली, तीही नाही. इतकं स्वच्छ, इतकं धारदार त्यांना कधी दिसलं नव्हतं. छातीतल्या संतापाखाली त्यांना बारीकसं समाधानही वाटलं, आणि महादेवराव म्हणतात त्यात तथ्य असावं असा एक घाणेरडा विचार मनात चमकून गेला.

साहेब चार वाजून पाच मिनिटांनी आले. बाबूंनी आकडा तपासला, साहेबांनी सही केली, बाबूंनी शिक्का मारला. चार वाजून एकवीस मिनिटांनी फोटो प्रतिमाताईंना गेला. गोपाळराव जिना उतरून खाली आले, कचेरीच्या ओट्याला टेकले आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी श्वास पूर्ण सोडला.

फोन वाजला.

"अहो," प्रतिमाताई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही हे वाचलं का?"

"तीनदा वाचलं. तारीख बरोबर, आकडा बरोबर, ळ बरोबर."

"शीर्षक वाचलं?"

"शीर्षकात काय वाचायचं?"

"पती-पत्नी विभक्तीकरणाकरिता अंतराचा दाखला, असं लिहिलंय. खाली साहेबांची सही आहे. शिक्का आहे."

गोपाळरावांनी कागद डोळ्यांसमोर धरला. होतं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, मधोमध, दोन बाजूंना फुलं काढून. त्यांनी वाचला होता, समीक्षानं टाइप केला होता, बाबूंनी तपासला होता, साहेबांनी सही केली होती. चार सुशिक्षित माणसांच्या हातून एक संसार सरकारी शिक्क्यानिशी मोडला होता आणि कुणालाच पत्ता नव्हता.

महादेवरावांनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "हं. पाहा, म्हणजे टॉर्च तुम्ही आकड्यावर मारला. शीर्षक राह्यलं अंधारात. हा त्याचा एक तोटा हाये."

"महादेवराव!" गोपाळराव अशा आवाजात ओरडले, की समोरच्या दुकानांतल्या दोन्ही रांगांनी वळून पाहिलं. "तुमचा तोटा घाला चुलीत! चाळीस वर्षं पोरांले हेच शिकवलं तुम्ही? अन् मी! मी बावीस वर्षं वेळेच्या आधी केलं सगळं! कोणाची एक फाईल लेट नाई केली! अन् मले हे फळ? मले?"

ते दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेले. बाबू टेबलाला कुलूप लावत होते.

"दुरुस्तीले नवा अर्ज लागते," बाबू म्हणाले. "आता उद्या."

"साहेब कुठं आहेत?"

"निघाले. गाडीत बसत असतीन."

गोपाळराव जिना उतरले. खरं तर उतरले म्हणणं बरोबर नाही, शेवटच्या पाच-सहा पायऱ्या त्यांच्या पायाला लागल्याच नाहीत. साहेबांची जीप फाटकाबाहेर वळत होती. सत्तेचाळीस वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, कधी कोणाच्या रांगेत न घुसलेले गोपाळराव चिंचोलकर दोन्ही हात पसरून जीपसमोर उभे राहिले.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गोपाळराव हलले नाहीत. साहेबांनी काच खाली केली.

"काय चाललंय हे? बाजूला व्हा!"

गोपाळरावांच्या मनात नियम होते, परिपत्रकाचा क्रमांक होता, बारा दिवस गठ्ठ्यात खाली पडलेली फाईल होती. ते सगळं सांगायचं होतं. तोंडातून मात्र वेगळंच आलं.

"साहेब, तुमच्या सहीनं मले बायकोपासून विभक्त केलं. वाचा हे." त्यांनी कागद खिडकीतून आत दिला. "सहा वर्षं झाली, साहेब. शनिवारी येते, सोमवारी अंधारात जाते. माह्या मायच्या शेवटच्या दुखण्यात ती मंगळवारी पोचली, माय सोमवारी गेली होती. विभक्त तर आम्ही हावोच. त्याले दाखला नाई लागत. जवळ यायले लागते. पंधरा मिनिटं राह्यली."

साहेबांनी कागद वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला. त्यांनी दार उघडलं, खाली उतरले, कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला, 'विभक्तीकरण' खोडलं, वर स्वच्छ अक्षरांत 'एकत्रीकरण' लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. मग वर बघून ओरडले, "शिक्का घेऊन खाली या!"

बाबू इतक्या वेगानं जिना उतरू शकतात हे त्या कचेरीत कुणी पाहिलं नव्हतं. घाईत त्यांनी शिक्का दोनदा मारला. एक कागदावर बसला, दुसरा अर्धा बॉनेटवर.

फोटो काढण्याआधी गोपाळराव कागदाची घडी सरळ करत बसले. महादेवरावांनी न विचारता फोन घेतला, एकच फोटो काढला आणि पाठवला. चार वाजून बावन्न मिनिटं झाली होती. प्रतिमाताई फोनवरच होत्या. "फिरतंय," त्या म्हणाल्या. "अजून फिरतंय... फिरतंच आहे..." गोपाळराव घड्याळाकडे बघत राहिले. "गेला. अहो, गेला! चार सत्तावन्न. पावती आली."

गोपाळराव तिथंच फाटकाजवळच्या दगडावर बसले. दोन मिनिटांनी त्यांनी उजव्या पायाची पॅंट वर केली आणि किंचाळले. पोटरीवर तळहाताएवढा चट्टा लालभडक होऊन फोड आला होता. मोटारसायकलचा सायलेन्सर. सकाळी कधीतरी, बहुधा घाटातच भाजलं असणार, आणि पाच तास त्यांना ते कळलंच नव्हतं. आता मात्र अशी आग होत होती की डोळ्यांत पाणी आलं.

महादेवरावांनी तोंड उघडलं. गोपाळरावांनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. महादेवरावांनी तोंड मिटलं आणि ते टपरीवरून गार पाण्याची बाटली घेऊन आले, खाली बसले आणि पायावर हळूहळू पाणी सोडत राहिले. गोपाळरावांना त्यांचा अजूनही रागच येत होता, पण पाय त्यांनी मागं घेतला नाही.

नंतर गोपाळरावांनी चार पानी तक्रार लिहिली. वेळेच्या आधी कागद देणाऱ्या नागरिकास शिक्षा होऊ नये, असा तिचा मथळा होता आणि तो त्यांनी पाठवण्यापूर्वी सात वेळा वाचला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: सदर तक्रार विहित मुदतीनंतर प्राप्त झाल्याने निकाली काढण्यात येत आहे. ते पत्र त्यांनी फाईलला लावलं नाही. फाडलं, आणि तुकडे पुन्हा फाडले.

त्याच आठवड्यात प्रतिमाताईंची बदली झाली. शाळा मोताळ्यापासून सायकलवर जाता येईल इतकी जवळ. सामान आलं, खोली सुटली, आणि पहिल्याच बुधवारी संध्याकाळी सात वाजता दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. प्रतिमाताईंनी वीजबिलं डाळीच्या डब्यांशेजारी ठेवली होती आणि त्या बिलांची मार्चपासूनची फाईल कुठं गेली हे गोपाळरावांना कळत नव्हतं. आवाज चढले. सरस्वतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सहा वर्षं शनिवार-रविवारी भांडायला परवडत नसे, कारण सोमवारी पहाटे गाडी असे आणि रुसवा घेऊन जाऊ द्यायचं कुणाला? त्यामुळे दोघांकडेही बरंच साठलेलं होतं. डब्यांवरून विषय कपाटावर गेला, कपाटावरून गोपाळरावांच्या स्वभावावर, आणि स्वभावावरून त्यांच्या सबंध घराण्यावर.

शेवटी प्रतिमाताई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. गोपाळराव खुर्चीत बसून धुसफुसत राहिले. आतून भांड्यांचा आवाज आला, मग फोडणीचा, मग चढलेल्याच आवाजात प्रश्न आला,

"पोह्यात दाणे घालू की नको?"

"घाल!" गोपाळराव तेवढ्याच रागानं ओरडले. "अन् तुझं बोलणं संपलं म्हणून माझं संपलं नाही! माझं राहिलंय अजून!"

"उद्या बोला," आतून उत्तर आलं. "मी इथंच आहे."